मिरजेला कोण आजारी आहे?

"मिरजेला चाललोय" असं आमच्या धाराशिवात कुणालाही सांगून बघा. समोरच्याचा चेहरा लगेच उतरतो आणि पहिला प्रश्न येतो, "कोण आजारी आहे?" विचारणाऱ्याची चूक नाही. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभारलं. पुढे त्याच्या आजूबाजूला दवाखाने वाढत गेले. तेव्हापासून इकडचे लोक हाडं, डोळे, मुतखडे आणि गाठी घेऊन मिरजेची गाडी पकडत आलेत. मिरजेला कुणी नुसतं भेटायला जातं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आम्हाला मात्र भेटायलाच जायचं होतं. 2003 साली औरंगाबादला बी.एड. करत होतो, तेव्हा वर्षभर एका खोलीत, एका स्टोव्हवर, एका बादलीत दिवस काढलेली आमची मैत्रीण. उर्दू पद्धतीची जागा तिला तिकडे मिळाली म्हणून ती एवढ्या लांब आली होती. आमच्या घरात तिला सगळे 'मिरजवाली खाला' म्हणतात. मुलांनी तिला पाहिलं आहे ते फोनमध्येच.

इथे थोडी कबुली द्यावी लागेल. गेल्या पावसाळ्यात तिच्या शौहरचा अचानक इंतकाल झाला. हॉस्पिटलांच्या गावात राहणारा माणूस, पण रात्री छातीत दुखलं आणि दवाखान्याची पायरी चढायलाही वेळ मिळाला नाही. आम्हाला सकाळी फोन आला. आम्ही रडलो, फोनवर ताजियत केली, "लगेच येते" म्हणालो आणि गेलो नाही. शाळेचं सत्र नुकतंच सुरू झालं होतं. मग धाकटीला ताप आला. मग सहामाही आली. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यातलं एकही अडवण्याइतकं मोठं नव्हतं. चार महिने दहा दिवसांची तिची इद्दत संपली. त्यानंतर तर जायची लाजच वाटायला लागली. शोकाची मुदत संपलेली, लग्नकार्याचं बोलावणं नाही. आता कोणत्या तोंडाने जायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं तरी काय?

जानेवारीत एका रात्री तिने एक फोटो पाठवला. काही लिहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच ताट आणि एकच वाटी. दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांच्या टेबलावर शनिवारच्या किरकोळ रजेचा अर्ज ठेवला. अर्जात कारण लिहावं लागतं. 'मैत्रिणीला भेटण्यासाठी' असं लिहायला पेन उचलला आणि 'खाजगी कामासाठी' असं लिहून मोकळे झालो.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कायकू जारी? क्या काम है?" काम काही नाही म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं आमच्या घरात नकारापेक्षा जड असतं. पण शुक्रवारी रात्री बघतो तर त्यांची पिशवी भरून तयार. "मैं भी आती. कोणी विचारलं तर सांग, अम्मीचे डोळे दाखवायचेत." तर अशा आम्ही तिघी निघालो. आम्ही, आमची आठवीतली मुलगी आणि डोळे ठणठणीत असलेल्या सासूबाई.

आमच्या शहराला रेल्वे मिळून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. बार्शी लाईट रेल्वेची ती जुनी छोटी गाडी, अडीच फुटांच्या रुळांवरची, 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. पण जिल्ह्याचं ठिकाण असलेलं उस्मानाबाद तिने बाजूला टाकलं होतं. ती येडशीवरून निघून जायची. रूळ रुंद करताना मार्ग वळवून आमच्या गावातून नेला. 2007 मध्ये लातूरकडून, 2008 मध्ये कुर्डुवाडीकडून मोठी गाडी आली. आता स्टेशनच्या पाटीवर धाराशिव आहे, सासूबाईंच्या तोंडात उस्मानाबाद आहे, आणि रिक्षावाला दोन्हींचं भाडं सारखंच घेतो.

परळीहून येणारी मिरजेची गाडी आली. पुढे एकादशी होती म्हणून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी. समोरच्या बाकावर ढोकीकडच्या एक आजी बसल्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पिशवी. आम्ही मुद्दाम मेथीचे धपाटे, शेंगाचटणी आणि दही घेतलं होतं. सासूबाईंची सक्त ताकीद, गाडीत खिम्याचा डबा उघडायचा नाही, एकादशीला चाललेल्या लोकांच्या नाकाशी तर नाहीच. आजींचा उपास होता. त्यांनी धपाटा घेतला नाही, पण आमच्या मुलीला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि सासूबाईंकडे बघत हळूच विचारलं, "मिरजेला का? काय दुखतंय?" सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवला. आजींनी मग बार्शी येईपर्यंत मोतीबिंदूवरचे उपाय सांगितले.

बार्शी स्टेशन आलं तशा सासूबाई खिडकीकडे सरकल्या. गाडी थांबली, सुटली, स्टेशन मागे पडलं, तरी त्यांचं तोंड खिडकीकडेच. आम्हाला वाटलं ऊन लागतंय. जरा वेळाने त्या स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "इथं माझी गिरणीवाली राहायची."

बावीस वर्षं आम्ही त्या घरात आहोत. हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

सासूबाईंचं माहेर येडशीचं. गावात पिठाची गिरणी चालवणारं घर होतं. त्या घरातली मुलगी आणि सासूबाई दोघी एका वयाच्या. रामलिंगाच्या जंगलात सरपण वेचायला बरोबर, विहिरीवर बरोबर, चौथीपर्यंत शाळेतही बरोबर. छोट्या गाडीने दोघी आपापल्या घरच्यांबरोबर बार्शीच्या बाजाराला जायच्या. घाटात गाडी इतकी हळू चालायची की टारगट पोरं खाली उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची, असं त्या सांगत होत्या. खरं की सांगण्याच्या ओघातलं, ते अल्लाह जाणे. मुलगी तर तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग गिरणीवालीचं लग्न बार्शीला झालं आणि वर्षभराने सासूबाईंचं उस्मानाबादला.

"दोनदा निघाले होते तिला भेटायला," त्या म्हणाल्या. "एकदा तिला मुलगा झाला म्हणून कळलं तेव्हा. एकदा असंच. माझ्या सासूने विचारलं, क्या काम है? काय सांगणार? कामच नव्हतं." मग थोडं थांबून, "परवा मीबी तुला तेच विचारलं."

आम्ही काही बोललो नाही. कुर्डुवाडीला चहा घेतला. चहा पाणचट होता.

पंढरपूरला डबा रिकामा झाला. आजींनी उतरताना सासूबाईंच्या पापण्यांवरून हात फिरवला आणि "पांडुरंग बरं करील" म्हणाल्या. सासूबाईंनी मान खाली घातली. आजी गेल्यावर म्हणाल्या, "झूट बोलल्याचं पाप लागलं आणि तिची दुआबी मिळाली. आता हिशेब कसा होणार?" जोहरची नमाज त्यांनी रिकाम्या बाकावर बसूनच अदा केली. सांगोल्याला डाळिंबं घेतली. तिथून पुढे माळरान, मग हळूहळू ऊस दिसायला लागतो.

या रुळांवरून 2016 च्या एप्रिलमध्ये पाणी गेलं होतं. लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती त्या उन्हाळ्याची गोष्ट. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरलेली दहा डब्यांची पहिली गाडी निघाली. प्रत्येक डब्यात पन्नास हजार लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून 12 एप्रिलला ती लातूरला पोचली. नंतर पन्नास डब्यांच्या गाड्या धावल्या. त्या सगळ्या आमच्या गावावरून गेल्या. आमच्या नळालाही तेव्हा पाणी नव्हतं, दारात टँकरची वाट बघणं चालू होतं, आणि भरलेली गाडी समोरून लातूरला निघून जायची. मुलांना शाळेत त्या गाडीवर निबंध लिहायला लावला होता. एकाने लिहिलं होतं, 'गाडीने आमच्याकडे बघितले पण थांबली नाही.' त्या दिवसांत मिरजवालीचा फोन यायचा. "आमचं पाणी तुझ्या दारावरून जातंय. पाणी एवढं लांब येतंय, तू कधी येणार?" आम्ही हसून म्हणायचो, सुट्टीत येते. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये उलटं झालं. कृष्णा सांगलीत शिरली, तिचं नदीकडचं माहेर पाण्यात गेलं, आई-वडील आठ दिवस मिरजेत तिच्याकडे होते. तेव्हाही आम्ही फोनच केला. म्हणजे यंदाची ही पहिलीच चूक नव्हती, हे सांगायला हवं.

मिरज जंक्शनवर उतरलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. एके काळी इथे मोठे, मधले आणि छोटे असे तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळायचे. आता सगळे एका मापाचे झालेत. ती स्टेशनवर घ्यायला आली होती, स्कूटीवर. आम्ही तिघी आणि स्कूटी एक, याचं तिला हसू फुटलं. त्या हसण्यानेच आमचं अर्धं ओझं उतरलं. रिक्षा केली. ती पुढे स्कूटीवर आणि आम्ही मागे. रिक्षावाला विचारतो, "कुठल्या दवाखान्यात?"

घरात शिरताना आम्ही मनात वाक्यं जुळवत होतो. माफीची, सब्रची, जे जे आपण अशा वेळी बोलतो ते. तिने एकही बोलू दिलं नाही. कुंथलगिरीच्या पेढ्यांचा डबा हातातून घेतला, उघडला, एक तोंडात टाकला आणि विचारलं, "किती दिवस?"

"उद्या रात्रीची गाडी आहे."

"एवढ्यासाठी आलीस?" म्हणाली, आणि मग रडली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. त्या दोघींची ती पहिलीच भेट.

तिचे शौहर तंतुवाद्यांच्या कारखान्यात जवारी लावायचं काम करायचे. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी राजवटी बदलल्यावर हा धंदा उचलला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो त्याच गल्लीत चालला आहे. त्यासाठी लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. म्हणजे दुपारी आम्ही ज्या भागातून आलो तिथूनच. भोपळा, लाकूड, कोरीवकाम, रंग, तारा असं सगळं होऊन वाद्य तयार दिसतं, पण ते बोलत नाही. ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा कानस लावून जरा जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. हे काम हातापेक्षा कानाचं. एक घास जास्त गेली की मेहनत वाया.

त्यांच्या खोलीत कोपऱ्यात एक तानपुरा उभा होता. घरी आणून रात्री काम करायची त्यांची सवय. मालकाने अजून परत मागितलेला नाही, माणुसकी म्हणून. आमच्या मुलीने विचारून तार छेडली. आवाज आला तो बोथट, पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा. मुलगी गोंधळली. "मी मोडला का?" मिरजवाली म्हणाली, "नाही गं. त्याची जवारी राहिली आहे." आणि मग म्हणाली, "दुसऱ्या कारागिराकडे द्यायला हवा. मालकाचं नुकसान कशाला? पण नेऊन द्यायला कुणी बरोबर पाहिजे." हे वाक्य ती इतकं सहज बोलली की आम्हाला ते रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकू आलं.

सासूबाई आणि मुलगी झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीवर बसलो. थंडी होती. बी.एड.च्या खोलीत ओढायचो तशी एकच चादर ओढली. तेव्हा ती बोलली. पहिले तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळिसाव्यापर्यंत कुणी ना कुणी यायचं, डबे यायचे, भांडी परत करताना नावं आठवायला लागायची. इद्दतीत ती अर्धपगारी रजा टाकून घरात होती, तेव्हाही आजूबाजूच्या बायका डोकावायच्या. "इद्दत संपली आणि दार वाजायचं थांबलं. सगळ्यांना वाटलं आता ही सुटली. शाळेत जायला लागली, स्कूटी चालवायला लागली, म्हणजे झालं. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. संध्याकाळी कुलूप उघडते आणि कुणाला सांगायला जाऊ की मी आले?" मग म्हणाली, "तू जुलैत आली असतीस तर मला आठवलीसुद्धा नसतीस. त्या दिवसांत कोण आलं नि कोण गेलं, काही आठवत नाही."

हे ती आम्हाला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. तिचा स्वभाव तसा आहे. तरी आम्ही ते घेतलं.

रविवारी सकाळी आधी तानपुरा. रिक्षात तो आडवा बसेना, उभा धरावा लागला. भोपळा मुलीच्या मांडीवर, दांडी बाहेर. कारखान्यात त्यांच्याबरोबर काम केलेले एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी तानपुरा घेतला, घोडीवरून बोट फिरवलं, म्हणाले, "आधं झालंय. पुढचं मी करतो." मिरजवालीने मान हलवली आणि लगेच बाहेर आली. आम्ही दहा मिनिटंही तिथे नव्हतो. या दहा मिनिटांसाठी ती सहा महिने थांबली होती.

मग सासूबाईंसाठी मीरासाहेबांच्या दर्ग्यावर गेलो. आवारातच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांची तब्येत बिघडली. सिंगपेरुमल कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच इंतकाल झाला. तिथून त्यांना मिरजेला आणलं. दर उरुसाला आजही गवई इथे येऊन गातात. सासूबाईंना गाण्यातलं काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अनजान स्टेशनवर? जवळ कोण होतं?" साथीची माणसं होती, असं आम्ही सांगितलं. "मग बरं," म्हणाल्या.

दुपारी तिने अख्खा मसूर आणि भात केला. चार ताटं वाढली. डब्यात नाचणीचे लाडू भरून दिले, आम्ही डाळिंबं ठेवली. स्टेशनवर ती म्हणाली, "आता मी येईन. तुझ्याकडे काय बघायला आहे?" आम्ही म्हणालो, नळदुर्ग, तेरचं संग्रहालय, धाराशिवची लेणी आणि गुलाबजाम. ती म्हणाली गुलाबजाम चालतील.

परतीच्या गाडीत बार्शी आली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. डब्यात सगळे झोपलेले. आम्ही डोळे उघडले तर सासूबाई उठून बसलेल्या, शाल डोक्यावरून घेतलेली, खिडकीच्या काचेला कपाळ टेकलेलं. प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं आणि एक दिवा. सोमवारी पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर तारीख रविवारची लिहिली, पण ते असो.

दोन आठवड्यांनी रविवारी आम्ही सासूबाईंना एसटीने बार्शीला नेलं. यावेळी डोळ्यांचं कारणही सांगितलं नाही. त्यांना पत्ता एवढाच माहीत होता, भगवंताच्या देवळामागची गल्ली, तेलाच्या घाण्याशेजारी. घाणा केव्हाच गेलेला. तिथे मोबाईलचं दुकान. दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी एका बांगड्यांच्या दुकानातले वयस्कर कासार म्हणाले, "येडशीची सून ना? त्या लोकांनी घर विकून दहा वर्षं झाली. म्हातारी मुलाकडे असते, पुण्यात. हडपसरला." आहे, हे ऐकून सासूबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. कासारांनी वहीतून नंबर काढून दिला. आम्ही फोन लावून त्यांच्या हातात दिला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून पलीकडचं आम्हालाही ऐकू येत होतं. सून असावी.

"हॅलो, कोण बोलतंय? काय काम होतं?"

सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं. "काम काही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, येडशीची आहे."

पलीकडे फोन घेऊन जाणारी पावलं वाजली. टीव्ही बारीक झाला. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, आणि कोण काय बोलतंय ते आम्हाला कळेना. कासारांनी आमच्यासाठी चहा मागवला.

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "हडपसरला गाडी जाते?"

हैदराबादहून येणारी जाते, आपल्याच स्टेशनवरून, आम्ही सांगितलं. कोणकोणत्या वारी, तेही त्यांनी विचारून घेतलं.